ड्रिस्कॉलबाईंची तक्रार थांबली

क्रॉयडनला, लंडन रोडच्या मागच्या गल्लीत, लाँड्री आणि बंद पडलेली व्हिडिओ लायब्ररी यांच्या मधे एक पाटी होती : 'कामठी बेकरी'. विक्रांतला खरं तर 'रॉयल बेकर्स' हवं होतं.

"कामठी कोणाला माहीत आहे इथं?" तो म्हणाला होता.

"मला माहीत आहे ना," धम्मशीला म्हणाली होती. "मी काय कोणीच नाही?"

पाटी तिच्या मनासारखी लागली, कारण पावाला हात तिचा होता. विक्रांत रामटेके नागपूरहून आला तो एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून. चार-पाच वर्षांनी कंपनी गुंडाळली गेली. तोवर इथं राहायचा कायमचा शिक्का मिळाला होता, पण करायचं काय हे सुचत नव्हतं. घरात बसून तो नोकरीच्या जाहिरातींवर पेनानं गोल करायचा आणि धम्मशीला घरच्या ओव्हनमध्ये पाव करून ओळखीच्यांना द्यायची. एक दिवस त्यानं गोल करायचं थांबवलं आणि पावाचा तुकडा तोडून म्हणाला, "हे विकून पाहू का?" झालं. जुन्या मालकाची गॅसवरची भट्टी दुकानासकट हातात आली.

भट्टीचं वेड तिला वडिलांकडून आलेलं. हरिदास तीस वर्षं कामठीच्या कँटोनमेंटात दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळत होते. तो पाव अख्ख्या गावात जायचा, साहेबांच्या बंगल्यांवर जायचा. मळतो कोण, हे कधी कोणी विचारलं नाही. मग हरिदासनी वस्तीत स्वतःची भट्टी बांधली, तेव्हा सगळ्यांनी विचारलं. पाव तोच होता, पण सहा महिन्यांत भट्टीत कोंबड्या बसायला लागल्या. अकरा वर्षांच्या धम्मशीलाला त्या सहा महिन्यांत दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे भट्टीत चिमूटभर पीठ टाकून, ते किती वेळात तांबूस होतं त्यावरून आच ओळखणं. दुसरी, माधवची गोष्ट.

माधव वडिलांबरोबर कामाला होता. डिसेंबरात थंडी फार म्हणून बेकरीचं दार-खिडकी लावून, पेटती शेगडी जवळ ओढून झोपला. सकाळी हाका मारल्या, पाणी मारलं. उठला नाही. अंगावर ना खरचटलेलं, ना भाजलेलं. हरिदास जेवताना कधीतरी घास हातात धरून म्हणायचे, "धूर दिसला असता तर पळाला असता पोरगा. दिसला नाही, म्हणून गेला."

कामठी बेकरी सुरू झाली २००३ मध्ये. पुढच्याच वर्षापासून क्रॉयडनला जणू सोन्याची खाण सापडली होती. एका बॅगेनिशी, एका लॅपटॉपनिशी पोरं यायची. पुण्याची, मुंबईची, नागपूरची. तीन बेडरूमच्या घरात सात-सात जण. कोणाचं कॉन्ट्रॅक्ट तीन महिन्यांचं, कोणाचं सहा. व्हिसा ऑफिस याच गावात, त्यामुळे कागदांच्या फायली पोटाशी धरून माणसं रांगेला लागायची आणि सुटली की भुकेनं कासावीस व्हायची. खणणारे खणत होते. धम्मशीला त्यांना पाव विकत होती. शुक्रवारी संध्याकाळी ईस्ट क्रॉयडनला ट्रेन लागली की वीस मिनिटांत दुकानात रांग.

"वहिनी, खारी आहे ना? संपली म्हणू नका, मी आज मॅनेजरचं ऐकून घेतलंय."

हा अनुप. पुण्याचा, बँकेच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरवर काम करणारा, आणि रांगेत उभं राहून सगळ्यांचं मनोरंजन करणारा.

"आहे रे बाबा. किती देऊ?"

"दुःखाच्या मानानं द्या."

"मग पोतंच घेऊन जा."

सगळेच अनुपसारखे नसत. काही जण डझनभर पाव हातात घेऊन, पैसे द्यायच्या आधी, सहज म्हणून विचारत, "कामठीचे का तुम्ही? आडनाव काय म्हणालात?" "रामटेके," ती म्हणायची, आणि वाट पाहायची. काहींना एक श्वास लागायचा, काहींना दोन. मग "अच्छा, अच्छा," आणि पाव पिशवीत जायचा. जायचा हे महत्त्वाचं. धम्मशीला त्या श्वासांवर हसायला शिकली होती. विक्रांत नव्हता शिकला. तो अशा वेळी मागे जाऊन ट्रे घासत बसायचा, घासलेलेच.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर मिसेस ड्रिस्कॉल राहायच्या. वय एकोणऐंशी. नवरा बसड्रायव्हर होता, तो गेला, मुलगा कॅनडात. चाळीस वर्षं त्याच दोन खोल्यांत. खाली कामठी बेकरीनं तूप वितळवलं, वेलची कुटली किंवा मसाला टोस्टचा कांदा-लसूण भट्टीत घातला की पाचव्या मिनिटाला छतावर काठी वाजायची. ठक, ठक, ठक.

"आली गं तुझी सासू," कांताबाई म्हणायच्या. त्या विक्रांतच्या आई. दुकानाच्या मागच्या खोलीत, भट्टीशेजारी स्टुलावर बसून शंकरपाळी कातायच्या. "मी खाली आणि ही वर. दोन सासवांत सापडलीस तू."

"तुम्ही बरं काठी नाही वाजवत, आई."

"मले काठी कायले पाहिजे? मले तोंड आहे ना."

ड्रिस्कॉलबाई जिन्यात भेटल्या की सुरू व्हायच्या. पडद्यांना वास लागतो. उशीला वास लागतो. चर्चमध्ये शेजारची बाई विचारते, तू हल्ली काय खातेस? धम्मशीला सॉरी म्हणायची आणि विसरायची. भट्टीचं नळकांडं मागच्या भिंतीतून बाहेर निघून बरोबर म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उघडत होतं. वास जाणारच होता.

सप्टेंबर २००६ मध्ये बिल्डिंगच्या मालकाचं पत्र आलं. ऑक्टोबरअखेर दुकानाची लीज संपते. वासाबद्दल वरच्या भाडेकरूच्या लेखी तक्रारी आहेत. तोवर बंदोबस्त झाला नाही, आणखी एक तक्रार आली, तर लीज पुढे चालणार नाही.

विक्रांतनं पत्र दोनदा वाचलं आणि पिठाच्या टेबलावर ठेवलं. मग त्यावर पीठ पडेल म्हणून उचललं. मग पुन्हा ठेवलं.

"वास," तो म्हणाला. "इथंही वासच."

धम्मशीलाला माहीत होतं तो मनानं कुठं गेला आहे ते. लग्नानंतर नागपूरला धरमपेठेत घेतलेली ती एक खोली. तिसऱ्या आठवड्यात घरमालकीण दाराशी येऊन, पदर नाकाला लावून म्हणाली होती, "तुमच्या स्वयंपाकाचा वास येतो हो आम्हाला. चालत नाही आमच्याकडे." त्या दिवशी घरात साधं वरण होतं. विक्रांतनं सामान बांधलं होतं.

"अहो, ही म्हातारी तशी नाही," धम्मशीला म्हणाली. "हिला खरंच तुपाचा वास सोसत नसेल. हिला तुमचं आडनावही म्हणता येत नाही."

"मला नाही ऐकायचं कोणाच्या तोंडून. घाण वास येतो म्हणून. पुन्हा नाही ऐकायचं."

"मग गॅसवाल्याला बोलवा. परवाना असलेल्या. तो नळकांडं हलवून देईल."

"तो येईल दोन आठवड्यांनी, पहिले चार कागद मागेल, भट्टी जुनी आहे म्हणून बंद करून जाईल. दिवाळीच्या तोंडावर! आणि पन्नास वर्षांच्या कार्यक्रमाची ऑर्डर घेऊन राहिलो आपण, विसरली का?"

ती विसरली नव्हती. दीक्षाभूमीवरच्या त्या दिवसाला ऑक्टोबरात पन्नास वर्षं होत होती. हॉल घेतला होता, बर्मिंगहॅमहून बसेस येणार होत्या, आणि चारशे माणसांचा पाव कामठी बेकरीचा असणार होता. वडील असते तर रडले असते.

"मी ड्राफ्ट्समन आहे," विक्रांत म्हणाला. "पाइप कुठून कुठं न्यायचा एवढं मला कळतं."

आणि त्यानं कागदावर काढलंसुद्धा, सुंदर, पट्टीनं. भट्टीच्या मागच्या भिंतीत बिल्डिंगची जुनी चिमणी होती, कोळशाच्या काळातली, विटांनी बुजवलेली. चार विटा काढायच्या, नळकांडं तिकडे वळवायचं. धूर आणि वास सरळ छपराच्या वर. कोणाच्या पडद्याला नाही, कोणाच्या नाकाला नाही. सोमवारी, पंचवीस सप्टेंबरला, दुकान बंद असताना दोघांनी मिळून ते केलं. तिनं विटा बाहेर नेल्या, त्यानं पाइप वळवून चंदेरी पट्टीनं सांधे बंद केले. भिंतीतल्या भोकात डोकं घालून त्यानं वर पाहिलं.

"दिसतं का आभाळ?" तिनं विचारलं.

"अंधार आहे. वळण असेल वर."

तिनं त्या वेळी पुढं विचारलं नाही. पाठ दुखत होती आणि पाचला यीस्ट भिजवायचं होतं.

मंगळवारी तूप वितळलं. वेलची कुटली. विक्रांत छताकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काठी वाजली नाही. त्यानं कांताबाईंच्या हातातली एक कच्ची शंकरपाळी उचलून तोंडात टाकली आणि आनंदानं गिळली.

"मूर्ख," कांताबाई म्हणाल्या. "तळू तरी दे."

पहिला आठवडा असाच गेला. मग थंडी पडली आणि लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

भट्टीच्या ज्योतीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते धम्मशीलाचं. निळी, कडक, दात दाखवणारी ज्योत असायची. आता ती पिवळी झाली होती, आळसावल्यासारखी डुलत होती. भट्टीच्या तोंडावर काजळी धरायला लागली. चिमूटभर पीठ टाकलं तर तांबूस व्हायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

"बर्नर घाण झाले असतील," विक्रांत म्हणाला. "दिवाळी होऊ दे, साफ करतो."

"मला हे बरं नाही वाटून राहिलं."

"तुला काय बरं वाटतं? पहिले ती काठी वाजवायची ते बरं नव्हतं. आता वाजवत नाही तेही बरं नाही."

कांताबाईंचं डोकं दुखायला लागलं. मंगळवारपासून रविवारपर्यंत दुखायचं, सोमवारी घरी असल्या की थांबायचं. "मले कामाची अॅलर्जी आहे," त्या सांगत सुटल्या, आणि सगळे हसले. धम्मशीलाही हसली, पण तिच्या स्वतःच्याही कपाळात दुपारी तीनच्या सुमाराला कोणीतरी खिळा ठोकत असायचं. तिनं मागचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. थंडीनं पीठ फुगेना म्हणून विक्रांत येता-जाता ते लावून घ्यायचा. ती उघडायची, तो लावायचा. 

शुक्रवारी अनुप रांगेत होता. गप्पच होता. नंबर आला तेव्हा त्यानं काउंटरला हात टेकला.

"वहिनी, तुमच्या दुकानात काय नशा ठेवता का? दहा मिनिटं उभा राहिलो तर गरगरायला लागलं."

"मॅनेजरचं ऐकून घेतलं असेल आजही."

"नाही हो. बाहेर छान होतो. आत आलो आणि…" त्यानं मान झटकली. "जाऊ द्या. खारी द्या."

तो बाहेर जाऊन खांबाशी दोन मिनिटं उभा राहिला, मग शीळ घालत निघून गेला. धम्मशीला काचेतून बघत होती. बाहेर गेला की बरा. सोमवारी आई बऱ्या. हे दोन विचार तिच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसले, आणि त्यांच्या मागून, इतक्या वर्षांनी, माधव आला. तिनं त्याला हाकललं. माधवनं तर दारं-खिडक्या लावल्या होत्या. आपल्याला चिमणी आहे. चिमणी वर जाते.

चौदा तारखेचा कार्यक्रम मोठा झाला. चारशे जणांचा पाव पुरला नाही. कोणीतरी माइकवरून कामठी बेकरीचं नाव घेतलं, तेव्हा विक्रांत उभा राहिला आणि सगळ्यांना हात जोडले, आणि परत येताना ट्राममध्ये त्यानं कधी नव्हे तो तिचा हात धरला.

"मालकाचा फोन आला होता," तो म्हणाला. "वरून एकही तक्रार नाही म्हणे. लीज करून टाकू म्हणाला. फक्त महिनाअखेरपर्यंत हे असंच राहू दे."

हे ऐकताना तिला आनंद व्हायला हवा होता.

सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी, अकराच्या सुमाराला, ड्रिस्कॉलबाई दुकानात आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. गाउनवरून कोट घातला होता, कोटाची बटणं वर-खाली लागली होती. एका पायात चप्पल, एका पायात बूट.

"डिअर," त्या म्हणाल्या. "काय छान वास येतोय. आई ब्रेड करायची तेव्हा असाच यायचा."

विक्रांत धावत पुढे आला. गरम नानकटाईची पुडी त्यानं त्यांच्या हातात ठेवली, पैसे नको, नको, म्हणाला. बाई हसल्या. गोड हसल्या. मग धम्मशीलाकडे वळून म्हणाल्या, "आयलीन, तू दार का लावून घेतलंस? मी किती वेळ हाका मारत होते."

"मी आयलीन नाही, मिसेस ड्रिस्कॉल. मी खालची. धम्मशीला."

"हो, हो. डोकं फार दुखतं गं. रविवारपासून उठलेच नाही. आज कुठला वार?"

त्या गेल्यावर विक्रांतनं टाळी वाजवली. "पाहिलं? म्हातारी विरघळली!"

कांताबाई मात्र कातणं हातात धरून दाराकडे बघत होत्या. "विरघळली कायची? भांबावली ते. असं माणूस एकदम गोड झालं का मले भीती वाटते, बापा."

त्या दुपारी धम्मशीलानं स्पष्टच सांगितलं. "पाइप पहिल्यासारखा करू. आजच."

"करू. एक तारखेला करू. लीजवर सही झाली की ज्याला बोलवायचं त्याला बोलव."

"आणि तोवर?"

"तोवर काय? चौदा दिवस!"

"अहो, आमच्या बाबांच्या बेकरीत माधव…"

"शीला, तो शेगडी घेऊन बंद खोलीत झोपला होता. इथं चिमणी आहे. मी ड्रॉइंग केलं आहे." मग आवाज खाली आणून, जवळजवळ विनवत, "तिनं पुन्हा पत्र टाकलं ना, तर संपलं सगळं. पुन्हा सामान बांधायचं का आपण? मला नाही होत आता."

ती पिठाच्या टेबलाकडे वळली. नंतर तिनं स्वतःला कितीदा तरी विचारलं की आपण त्या मंगळवारी गप्प का बसलो. दर वेळी तिला त्याचा तो खाली आलेला आवाज ऐकू यायचा.

गुरुवारी धनत्रयोदशी. सत्तर घरांचे दिवाळीचे बॉक्स संध्याकाळी जायचे होते. दुपारी दोन वाजता भट्टीत खाली नानकटाई, वर मसाला टोस्ट. बाहेर पाऊस आणि बोचरा वारा, त्यामुळे दोन्ही दारं बंद. धम्मशीला बॉक्सना रिबिनी बांधत होती आणि तिची बोटं गाठ विसरत होती.

"शीला," कांताबाईंनी हाक मारली, अगदी शांतपणे. "माझे पाय कुठं गेले गं?"

ती वळेपर्यंत कांताबाई स्टुलावरून भिंतीला घासत खाली आल्या होत्या. कातणं हातातच होतं. धम्मशीलानं बगलेत हात घालून त्यांना ओढलं, काउंटरला वळसा घालून, दुकानाचं दार पाठीनं ढकलून, थेट फुटपाथवर. पावसात. लाँड्रीवालीनं खुर्ची आणून दिली. चार-पाच मिनिटांत कांताबाईंनी डोळे नीट उघडले.

"भिजवून राहिली का मले?" त्या म्हणाल्या, आणि ओकल्या.

"साखर कमी झाली असेल," विक्रांत छत्री घेऊन उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सकाळपासून काही खाल्लं नाही तिनं."

आतून करपल्याचा वास आला. मसाला टोस्ट! धम्मशीला आत धावली. ट्रे बाहेर ओढला तर सगळे टोस्ट कोळसा झालेले. दुकानभर कांदा-लसणाचा काळा, डोळ्यांत जाणारा धूर. असा वास त्या बिल्डिंगमध्ये तीन वर्षांत सुटला नव्हता. ती ट्रे हातात धरून उभी राहिली, आणि नकळत तिची मान वर गेली.

छत गप्प होतं.

"अहो," ती म्हणाली. "वरून काठी नाही वाजली."

"बरंच झालं ना मग."

"एवढ्या धुराला नाही वाजली." ती मोजत असल्यासारखी बोलत होती. "काल पण आवाज नव्हता. चालल्याचा नाही, नळाचा नाही. परवा त्या आल्या होत्या, त्यानंतर मी त्यांचं पाऊल नाही ऐकलं."

तिनं ट्रे फेकला आणि भट्टीचा गॅस बंद केला.

"शीला! आत अर्धा माल आहे! सत्तर बॉक्स…"

"राहू द्या."

चालू भट्टी मालासकट विझवायची नाही, हे तिच्या हातात लहानपणापासून मुरलेलं होतं. चावी फिरवताना हात एकदा अडलाच. मग फिरला.

मागचा लोखंडी जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढली. दार वाजवलं. आत टीव्ही चालू होता. कुठल्यातरी कार्यक्रमात लोक टाळ्या वाजवत होते. "मिसेस ड्रिस्कॉल! खालची आहे मी!" टाळ्या. तिनं वाकून दारातल्या, पत्रं टाकायच्या फटीचं झाकण उचललं. आतून उबदार, शिळी हवा तोंडावर आली. पॅसेजच्या टोकाला, बैठकीच्या दारात, एक पाय दिसत होता. पायात चप्पल नव्हती, आणि पाय हलत नव्हता.

विक्रांत तिच्या मागे येऊन पोहोचला होता. त्यानं फटीतून पाहिलं. मग खांदा लावून दार तोडलं, तोंडाला रुमाल बांधून आत घुसला, खिडक्या उघडल्या, एक फोडली, आणि ड्रिस्कॉलबाईंना लहान मुलासारखं उचलून जिन्याच्या कठड्यापर्यंत आणलं, वाऱ्यात. धम्मशीला फोनवर पत्ता सांगत होती. बैठकीतली जुनी फायरप्लेस प्लायवूड लावून बंद केलेली होती, आणि त्या प्लायवूडच्या चारी कडांना काजळीची बारीक काळी चौकट उमटली होती. विक्रांत ती बघून आला होता. छपरावरचं चिमणीचं तोंड कधीच कोणीतरी फरशी टाकून बंद केलं होतं, हे फायर ब्रिगेडवाल्यांनी नंतर सांगितलं. त्याला तेव्हाच कळलं होतं.

बाईंचा श्वास चालू होता. अगदी बारीक, मधेच थांबणारा.

ॲम्ब्युलन्स आठ मिनिटांत आली. हिरव्या कपड्यांतल्या एका दणकट बाईनं म्हातारीच्या तोंडावर मास्क बसवला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान न वळवता विचारलं, "गॅसवर चालणारं काय आहे या बिल्डिंगमध्ये?"

"आमची भट्टी. खाली."

"धूर कुठून जातो तिचा?"

"चिमणीतून."

"कधीपासून?"

विक्रांत धम्मशीलाच्या कानाशी आला. त्याचा श्वास अजून लागलेला होता. "जुन्या बेकरीवाल्यानं केलं म्हण," तो मराठीत पुटपुटला. "आपण दुकान घेतलं तेव्हापासून असंच आहे म्हण. शीला, ऐक. लीज राहू दे, हे तुरुंगात टाकतील."

"कधीपासून?" त्या बाईनं पुन्हा विचारलं, या वेळी वर बघून. "मला हे कळायला हवं. भट्टीचा विषारी वायू तासभरच अंगात गेलाय की कित्येक आठवडे, त्यावर पुढचं ठरतं."

जिन्याखाली मिक्सरमधलं पीठ होतं, सत्तर अर्धवट बॉक्स होते, पाटी होती. समोर मास्कमागे धुकं येत होतं आणि जात होतं.

"चोवीस दिवस," धम्मशीला म्हणाली. "पहिले धूर बाहेर जायचा. पंचवीस सप्टेंबरला आम्ही पाइप चिमणीत वळवला. आम्हीच. दोघांनी. गेल्या दोन आठवड्यांपासून ज्योत पिवळी आहे, ती मी पाहिली होती. मंगळवारी यांना आज वार कुठला ते कळत नव्हतं. तेही मी पाहिलं होतं."

विक्रांत पायरीवर बसला. डोकं दोन्ही हातांत धरून बसला. त्याला काही म्हणावं असं तिला वाटलं नाही, आणि रागही आला नाही. त्या बाईनं रेडिओवर भरभर काहीतरी सांगितलं, आकडे सांगितले, दुसऱ्या कुठल्या तरी हॉस्पिटलचं नाव घेतलं.

"यांचं कोणी आहे?"

"मुलगा कॅनडात आहे. इथं कोणी नाही."

"तुम्ही कोण?"

"मी खालची. आणि फुटपाथवर माझी सासू बसली आहे, तिलाही तपासा. तीही रोज तिथंच बसायची."

दोघी म्हाताऱ्यांना एकाच ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं. कांताबाईंना खुर्चीत पट्टा बांधून, ड्रिस्कॉलबाईंना आडवं. धम्मशीला पिठानं भरलेल्या एप्रनसकट मधे उकिडवी बसली. दार लागताना तिला फायर ब्रिगेडचे दोघे जण दुकानात शिरताना दिसले आणि पायरीवरून उठून त्यांच्याकडे चालत जाणारा विक्रांत दिसला. कोणी बोलावलं नव्हतं, स्वतःच जात होता.

कांताबाईंनी स्वतःच्या तोंडावरचा मास्क वर उचलला. "एवढीशीच आहे का ही?" त्या शेजारी बघत म्हणाल्या. "मले वाटे, काठीच्या आवाजावरून, मोठी धिप्पाड असन."

"मास्क लावा, आई."

"लावतो. तिले सांग, शुद्धीवर आली की. म्हणा, वाजव बाई काठी, पाहिजे तेवढी वाजव."

सायरन सुरू झाला. हिरव्या कपड्यांतली बाई ड्रिस्कॉलबाईंच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत होती. धम्मशीलानं तिच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "उठतील ना या?"

"तुम्ही खरं सांगितलंत ते फार बरं केलंत," ती बाई म्हणाली आणि पुन्हा घड्याळाकडे बघायला लागली.

गाडी वेलस्ली रोडला वळली, तेव्हा कुठं धम्मशीलाच्या लक्षात आलं की त्या बाईनं 'हो' म्हटलं नव्हतं.